एक लिटर म्हणजे किती? : मुलांना माहितीचा मजकूर वाचायला शिकवताना

(रविवारचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या हातात हे ओआरएसचं पाकीट आहे. जुलाब झाले की पाण्यात घालून देतात ती पावडर. आज शिक्षणावर बोलायचं आहे आणि ही बाई औषध घेऊन का आली, असं काहींना वाटलं असेल. पण मला वाचनाबद्दल जे थोडंफार कळलं त्याची सुरुवात या पाकिटापासून झाली, म्हणून आधी तेच सांगते.

मी पाचवीत होते. आम्ही मिरजेला राहायचो. वर्गात माझं वाचन सगळ्यात चांगलं होतं. शाळा तपासायला कुणी साहेब आले की बाई मलाच उभं करायच्या आणि मी पान न अडखळता वाचून दाखवायचे. त्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला जुलाब लागले. तो दीड-दोन वर्षांचा असेल. दवाखान्यातून पाकीट मिळालं. अम्मीला देवनागरी वाचता येत नव्हतं, तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "क्या लिख्या है, पढ के बोल." मी वाचलं. सगळं वाचलं, स्पष्ट उच्चारात. पाकिटावर लिहिलं होतं की संपूर्ण पावडर एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. मग मी स्टीलचा एक ग्लास पाणी घेतलं, त्यात सगळं पाकीट रिकामं केलं, चमचा फिरवला आणि अम्मीकडे दिला.

भावाने दोन घोट घेतले आणि ओकला. आम्ही परत पाजायला बघत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बोट बुडवून चव घेतली आणि ग्लास मोरीत ओतला. "अगं, हे समुद्राचं पाणी झालं," म्हणाल्या. जुलाब झालेल्या बाळाला इतकं खारट पाणी पाजलं तर फायदा तर होत नाहीच, रक्तातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. भाऊ आज ठणठणीत आहे, हे मजेत सांगता येतं ते त्यामुळेच.

मी खोटं वाचलं नव्हतं. 'एक लिटर' हे शब्द मी नीट उच्चारले होते. लिटरचं कोष्टकही मला पाठ होतं, एक हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर. फक्त ते कोष्टक गणिताच्या वहीत होतं, पाकीट घरात होतं आणि दोघांची गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती. मी वाचत होते तेव्हा डोक्यात कुठलंच चित्र उमटत नव्हतं.

आता तुमची एक छोटी परीक्षा घेते. ऐका. "चिमकीने सकाळी सात फुंकड्या लोंबरल्या. त्यातल्या दोन फुंकड्या खसल्या म्हणून तिने त्या गोंदाडात टाकल्या." पहिला प्रश्न: चिमकीने किती फुंकड्या लोंबरल्या? सात. बरोबर. दुसरा: दोन फुंकड्या कुठे टाकल्या? गोंदाडात. शाब्बास. का टाकल्या? खसल्या म्हणून. उरल्या किती? पाच. गणितसुद्धा जमलं तुम्हाला! पैकीच्या पैकी गुण. आता कुणीतरी मला सांगा, फुंकडी म्हणजे काय?

हसू येतंय, पण आपल्या वर्गांत धड्याखालचे अर्धे प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, वहीत उतरवायचं. चिमकीच्या धड्यात तुम्हाला शंभर टक्के गुण पडले आणि काहीही कळलं नाही. मी पाचवीपर्यंत अशीच पहिली येत होते.

हा काही फक्त आपल्याकडचा आजार नाही. डोलोरेस डर्किन नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. त्यांनी चौथीच्या वर्गांत मागे बसून वाचनाचे तास पाहिले आणि १९७८-७९ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. एकूण ४,४६९ मिनिटं पाहिली. त्यांपैकी अर्थ कसा लावायचा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेली होती २० मिनिटं. त्याहून कितीतरी जास्त वेळ शिक्षक प्रश्न विचारत होते आणि उत्तर बरोबर की चूक ते सांगत होते. म्हणजे समजलं का याची तपासणी चालली होती, समजायचं कसं हे कुणी दाखवत नव्हतं. पोहायला शिकवायचं म्हणून रोज पाण्यात ढकलायचं आणि बुडाला की नापास असं लिहायचं, तसंच हे.

आपल्याकडे 'प्रथम'चा 'असर' अहवाल २००५ पासून येतो, तुम्ही पाहिला असेल. त्यात मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचायला देतात. दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते का, हा त्यातला वरचा टप्पा. ती तपासणी गरजेचीच आहे, कारण अक्षरंच ओळखता येत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ. पण त्याच लोकांनी २०१७ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची वेगळी पाहणी केली, २०२३ मध्ये पुन्हा केली, आणि त्यात एक काम काय दिलं होतं माहीत आहे? ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचा आणि प्रश्नांची उत्तरं द्या. ते वाचून मी खुर्चीवरून उठलेच. म्हणजे मिरजेच्या त्या ग्लासात फक्त मीच पाकीट ओतलं नव्हतं.

आता एक जरा नाजूक गोष्ट बोलते, घरातल्या माणसांसारखी ऐकून घ्या. आपल्या बहुतेक घरांत मुलं वाचन दोनदा शिकतात. एकदा शाळेत आणि एकदा मकतबमध्ये किंवा घरी येणाऱ्या उस्तादांकडे. नाजरा शिकताना उच्चार शुद्ध येणं हेच यश असतं. भाषा अरबी, अर्थ मुलाला विचारला जात नाही. त्याला त्याची जागा आहे आणि मी त्यावर टीका करायला उभी नाही. शेजारच्या घरात मूल रामरक्षा म्हणतं, तेही तसंच. पण सहा-सात वर्षांच्या पोराला आपण होऊन कळत नाही की ही दोन वाचनं वेगळी आहेत. त्याला वाटतं, तोंडातून बरोबर आवाज निघाला की काम झालं. मग तो विज्ञानाचं पानही तसंच म्हणतो. म्हणून त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला लागतं की बाळा, या कागदाशी भांडायचं असतं. "म्हणजे काय?" असं त्याला विचारायचं असतं. मी वर्गात पहिल्या दिवशी हे सांगते आणि मुलं आधी संशयाने बघतात.

गोष्टी वाचताना एवढी अडचण येत नाही. गोष्टीत कुणीतरी माणूस असतो, कोल्हा असतो, त्याला काहीतरी हवं असतं, पुढे काय झालं याची ओढ असते. आजीकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे तो साचा मुलाच्या डोक्यात तयार असतो. माहितीच्या मजकुरात कोल्हा नसतो. तिथे 'बाष्पीभवन होते', 'शुद्ध केले जाते', 'आढळून येते'. कोण करतं ते वाक्यात नसतंच. घरी अशी भाषा कोणीच बोलत नाही, मराठी घरांतही नाही. आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांची घरची बोली तर हिंदुस्तानी-दखनी.

एक नमुना दाखवते. आम्ही पुण्याच्या कडेच्या एका वस्तीत रविवारी तिसरी ते पाचवीच्या मुलांचा वर्ग घेतो. त्यांच्यासाठी मी तीन वाक्यं लिहिली होती: "पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतील पाणी खडकवासला धरणात येते. तेथून ते पुणे शहराकडे आणले जाते. शुद्ध केल्यानंतरच ते नळांना सोडले जाते." तीनच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, असं मला वाटलं होतं. त्यावर आमचा पाऊण तास गेला.

'तेथून' म्हणजे कुठून? निम्मी मुलं म्हणाली पानशेतहून, कारण पानशेत पहिलं आलं. 'ते' म्हणजे कोण? एक मुलगा म्हणाला, "धरण." धरण पुण्याकडे आणलं जातं! तो चुकला खरा, पण त्याने विचार तरी केला होता. बाकीचे गप्प होते. 'आणले जाते' म्हणजे कोण आणतं? यावर खूप वेळ शांतता, मग "सरकार", मग "महानगरपालिका". 'नंतरच' मधला 'च' कशाला? तो काढला तर काय बिघडेल? आणि मग मागे बसलेली चौथीतली मुलगी म्हणाली, "बाजी, नळांना सोडतात लिहिलंय, मग आपल्याकडे टँकर का येतो?"

हा प्रश्न पानावर नव्हता. पण पान खरोखर वाचल्याशिवाय तो सुचलाही नसता. मी तिला उत्तर दिलं नाही, फळ्यावर तिचा प्रश्न लिहिला आणि पुढचे चार रविवार आम्ही फक्त पाण्यावरच वाचलं.

हे चार रविवार एकाच विषयावर राहणं महत्त्वाचं आहे, त्याचं कारण सांगते. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि काय घडलं ते छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपण बेसबॉलच्या जागी क्रिकेट घातलं की लगेच पटतं. 'गलीतून चौकार' हे वाक्य माझ्या सासूबाईंना दिलं तर त्या भाजीवाल्याची गल्ली समजतील, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त पुस्तकं वाचतात. म्हणजे आकलन नावाचं कुठलंही पान फोडणारं एकच हत्यार नसतं. ज्या विषयाचं आधी काही माहीत आहे त्या विषयावरचं नवं कळतं. म्हणून आज मधमाशी, पुढच्या रविवारी चंद्र, त्यानंतर ग्रामपंचायत असा मिसळ वर्ग घेऊ नका. पाणी म्हटलं की महिनाभर पाणी. चौथ्या आठवड्याला मुलं 'जलवाहिनी' हा शब्द पाहून घाबरत नाहीत, कारण तोपर्यंत तो त्यांचा झालेला असतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही पुण्यातल्या पेपरात नेहमी येते तशी सूचना घेतली. देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. 'दाब' म्हणजे मुलांना फक्त बटण दाबणं माहीत. 'कमी दाबाने' म्हणजे "हळूच दाबायचं", असं एकाने सांगितलं. मग नळाला पाइप लावून बोटाने तोंड दाबून दाखवलं, पाणी कधी लांब जातं, कधी नुसतं गळतं. 'कर' या शब्दाचंही असंच झालं. 'मालमत्ता कर' म्हणजे मालमत्ता करायची! पोरांची चूक नाही, शब्दच दुतोंडी आहे.

आणि एक गोष्ट जाता जाता, कारण ती मला फार आवडते. सरकारी मराठी आपल्या पोरांना परकी वाटते, पण त्यातले कितीतरी शब्द त्यांच्या घरातलेच आहेत. अर्ज, रक्कम, तारीख, मुदत, हरकत, वारस, जमीन, हद्द, हक्क. 'मुदत संपण्याची तारीख' यात अडेल असं वाटलेल्या मुलाने पहिल्यांदा अर्थ सांगितला. घरची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावली असती तर तो बोललाच नसता. आमचा नियम असा आहे: वाचायचं मराठीत, अर्थ सांगायचा ज्या भाषेत येईल त्या भाषेत, आणि मग सगळ्यांनी मिळून तो परत मराठीत आणायचा. बाष्पीभवनाबद्दल एक मुलगी म्हणाली, "कपडे सुखते ना बाजी, पानी उड जाता." झालं की! त्यावर 'बाष्पीभवन' हा शब्द चिकटवायला दोन मिनिटं लागली. उलट क्रमाने गेलो असतो तर व्याख्या पाठ झाली असती आणि दोरीवरचे कपडे तसेच राहिले असते.

माझ्या चुकाही सांगते, म्हणजे तुम्ही त्याच करणार नाही. सुरुवातीला मी परदेशी पुस्तकं वाचून पद्धती आणल्या. त्यातली एक खरंच चांगली आहे. अ‍ॅनमेरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली. मुलांनी छोट्या गटात आळीपाळीने शिक्षक व्हायचं. पुढे काय येईल याचा अंदाज करायचा, प्रश्न विचारायचा, न कळलेलं सोडवायचं, थोडक्यात सांगायचं. मी चार रंगांची कार्डं केली, गळ्यात अडकवली. महिन्याभरात कार्डं हीच पूजा झाली. 'अंदाज'वाला मुलगा मजकूर न बघताच म्हणायचा, "मला वाटतं की पुढे माहिती येईल." मी कार्डं बंद केली. आता फक्त एवढंच करते, पान हातात घेऊन मी स्वतः मोठ्याने अडखळते. "थांबा, इथे 'त्यामुळे' आलंय. कशामुळे? मला मागे जायला पाहिजे." मोठी माणसंही मागे जातात, पुन्हा वाचतात, हे पोरांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यांना वाटतं हुशार माणसाला एकदम कळतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझा अर्धा दिवस दुसऱ्याने लिहिलेल्या सूचना तीन-तीनदा वाचण्यात जातो आणि त्याचेच मला पैसे मिळतात, हे सांगितलं तेव्हा पोरांना खोटं वाटलं.

दुसरी चूक मजकुराची. शाळेचंच परिसर अभ्यासाचं पुस्तक परत घेतलं की मुलं शाळेच्याच सवयीने वाचतात, उत्तराखाली रेघ ओढायला लागतात. पुस्तक टाकून द्या असं मी म्हणत नाही, त्यातला मजकूर मला चांगला वाटतो. पण सोबत दुसरं काही द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतली माहितीची पुस्तकं फुकट मिळतात. विजेचं बिल, एसटीचं वेळापत्रक, रेशन दुकानावरचा फलक, औषधाची चिठ्ठी. यातला एकही कागद मुलाला फक्त परीक्षेपुरता लागत नाही, आणि घरी त्यातला बराचसा भाग तेच वाचून दाखवतं. आपल्या वस्तीत आठ-नऊ वर्षांची मुलं घरातले कारकून असतात. बँकेतून आलेलं पत्र, दवाखान्याचा कागद, सगळं त्यांच्या हातात येतं. पाचवीतली मी तशीच होते. त्या पोरीवर घर विसंबून असतं आणि तिला फक्त उच्चार येत असतात.

शेवटच्या रविवारचा खेळ सांगते, कारण तो आज तुम्हालाही करायचा आहे. मुलांना ओआरएसचं पाकीट दिलं आणि म्हटलं, ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी स्वतःच्या शब्दांत सूचना लिहा. मग कागद दुसऱ्या गटाकडे. त्या गटाने लिहिलंय तेवढंच करायचं, जास्त नाही, कमी नाही. संगणक तसंच करतो, हा माझा धंदाच आहे. पहिल्या गटाने लिहिलं होतं, "पाकीट पाण्यात टाका." दुसऱ्या गटाने बंद पाकीट पातेल्यात टाकलं आणि हात बांधून बसले. वर्ग हसून लोळला. मग भांडण सुरू झालं, "फोडून लिहायला पाहिजे होतं!" "पाणी किती ते कुठं लिहिलंय?" ते परत पाकिटाकडे धावले. मी सांगितलं नव्हतं, ते आपण होऊन धावले. एक लिटर पाणी मोजायला बाटली शोधली, ती घरातल्या ग्लासाने भरली, पाच ग्लास लागले. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "पाणी अर्धंच घेतलं तर?" पाकिटावर ते लिहिलेलं नाही. विचार करून काढावं लागतं. त्यांनी काढलं. कालचं उरलेलं आज चालतं का, हे मात्र लिहिलेलं आहे, २४ तासांनंतर टाकून द्यायचं. कोणतं उत्तर कागदावर आहे आणि कोणतं आपल्याला जोडून काढायचंय, हा फरक त्या दिवशी त्यांना माझ्याशिवाय कळला.

आता मागच्या टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. चौघांचा एक गट करा. नीट पाहून घ्या, ती दोन प्रकारची आहेत. साडेवीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटरसाठी आहे, आणि छोटं २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे एका ग्लासासाठी. कोणत्या गटाला कोणतं मिळालं ते मी सांगणार नाही. दहा मिनिटांत सूचना लिहा, मराठी, उर्दू, जी येईल त्या भाषेत, मग कागद डावीकडच्या गटाला द्या. कुणी काही प्यायचं नाही. आणि फरशी पुसायचं फडकं दाराजवळ आहे, गेल्या वेळी लागलं होतं.